आधी तासलेल्या पुंगळ्या

माझी शेवटची पोस्टिंग एका फायरिंग रेंजवर होती. रेंज कुठे आहे आणि युनिट कोणतं, हे इथे लिहिणार नाही. कोरडं पठार, सकाळी दहानंतर वारा आणि वाऱ्याबरोबर पिठासारखी धूळ, एवढं पुरे. मी हवालदार, ट्रेड आर्मरर. गाव नाते, तालुका महाड. आर्मरर स्वतः फार गोळ्या झाडत नाही. ज्या हत्यारातून दुसरा झाडणार ते हत्यार नीट ठेवणं, हे त्याचं काम.

रेंजवर लांब पल्ल्याच्या नेमबाजीची टीम होती. रायफल १२.७ मिलिमीटरची. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो, तिचा एक राउंड तळहातात मावत नाही. गोळी सुटून गेल्यावर मागे राहते ती नुसती पितळी पुंगळीच दहा सेंटिमीटरला जेमतेम कमी भरते.

टीमचा पहिला शूटर नायक किसन शेलार. कुडपणचा, तालुका पोलादपूर. माझ्याहून आठ वर्षांनी लहान. मी घरी फोनवर बोलताना त्यानं ऐकलं आणि मेसच्या रांगेत मागून विचारलं, "दादा, तुमी महाडकडचे ना?"

मी नाते सांगितलं.

"मंग आपला एसटी डेपो एकच. फरक एवढाच, तुमी अर्ध्या तासात घरी जेवायला बसता आनि आमी अजून घाटात ओकत असतो."

तेव्हापासून आमची ओळख. किसन बोलायचा भरपूर, पण रायफलमागे आडवा झाला की तासभर तोंड उघडायचा नाही. वाऱ्याचा अंदाज घेण्यात त्याच्या तोडीचा माणूस मी पाहिला नाही. कुडपणच्या पठारावर लहानपणापासून वाराच खाल्लाय, असं म्हणायचा.

त्या वर्षी अचूक नेमबाजीचे राउंड कमी आले. फक्त सरावासाठी, वरून लेखी मंजुरी घेऊन, वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरायचं ठरलं. या कामात गोळी आणि दारू यांच्याइतकंच महत्त्व पुंगळीला असतं. राउंड सुटला की पितळ फुगतं. ती पुंगळी पुन्हा मूळ आकारात आणायला डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबावी लागते. दाबलं की पितळ कुठेतरी जाणारच. ते पुढे सरकतं आणि पुंगळीची मान लांबते. लांबलेली मान तासून मापात आणावी लागते. नाही तासली, तर मानेचं टोक चेंबरच्या, म्हणजे राउंड बसतो त्या पोकळीच्या, पुढच्या कडेला जाऊन टेकतं, आत दबतं आणि गोळीला घट्ट आवळून धरतं. गोळी सुटायला उशीर होतो. त्या उशिरात आतला दाब कुठवर जाईल ते कुणी सांगू शकत नाही. आणि दाबाला पुढे वाट मिळाली नाही तर तो मागे येतो. मागे शूटरचा चेहरा असतो.

टीमचे मुख्य मेजर साहेब. त्यांनी मला बोलावून तासणीचं हत्यार निवडायला सांगितलं. ही निवड वाटते तितकी सोपी नाही. नेहमीच्या रायफलींसाठी मिळणाऱ्या ट्रिमरमध्ये एवढी मोठी पुंगळी बसतच नाही. माझ्यापुढे तीन पर्याय होते.

वर्कशॉपचा लेथ अचूक होता, पण तो गाड्यांच्या कामाला लागलेला असायचा. रोज नव्यानं सेटिंग करायचं म्हणजे रोज नवी चूक व्हायची सोय. तो मी बाजूला ठेवला.

दुसरा, हातानं फिरवायचा ट्रिमर. पुंगळीचं बूड पकडीत बसवायचं, समोरून पातं आणायचं आणि हँडल फिरवायचं. या मापाचं पितळ जाड. वीस पुंगळ्या झाल्या की मनगट बोलायला लागतं. दिवसाला फार तर शंभर.

तिसरा ड्रिल मशीनला जोडायचा. पुंगळी वरून खाली दाबायची, तिचा खांदा, म्हणजे जिथे अंग संपून मान सुरू होते तो उतार, आतल्या कड्यावर टेकतो आणि पातं मान कापतं. चार-पाच सेकंदांचं काम. दिवसाला हजार म्हटलं तरी जमेल.

मी दोन्हींवर पंचवीस-पंचवीस पुंगळ्या तासून व्हर्निअरनं मोजल्या. मला एकच गोष्ट पाहायची होती: हत्यार माप कुठून घेतं? हाताचा ट्रिमर बुडापासून घेतो. बूड हलत नाही. ड्रिलचा ट्रिमर खांद्यापासून घेतो, आणि खांदा राउंड सुटताना पुढे जातो, डायमध्ये मागे येतो. आधी डायमध्ये दाबलेल्या पुंगळ्या असतील तर ड्रिलचं काम उत्तम. न दाबलेल्या असतील तर ते माप भरवशाचं नाही.

किसन शेजारी उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "म्हंजे उंची मापताना गडी टाचा उचलून उभा हाय का ते बघायचं."

मी म्हटलं, तेवढंच.

मी मेजर साहेबांना हाताचा ट्रिमर सुचवला. त्यांनी माझे आकडे नीट वाचले. मग त्यांचे आकडे सांगितले: किती शूटर, किती राउंड, स्पर्धेला किती आठवडे. हातानं ते होणार नव्हतं. निर्णय ड्रिलचा झाला. क्रम त्यांनी स्वतः ठरवून दिला: आधी डाय, मग तासणी, मग प्रत्येक पुंगळी गेजमधून. त्या क्रमानं काम झालं असतं तर त्यात काहीही चूक नव्हती. हे मी तेव्हाही मानलं आणि आजही मानतो.

अडचण गेजची होती. गेज म्हणजे मापाची खाच असलेली पोलादी पट्टी. पुंगळी खाचेत गेली तर ठीक, अडली तर बाद. आकडा वाचायचा नाही, डोळ्याची चूक नाही. या मापाचं गेज मागवलं होतं, ते येत नव्हतं. तोवर दहात एक पुंगळी व्हर्निअरनं मोजायची असं ठरलं.

त्याच सुमारास मला पंधरा दिवसांची रजा मिळाली. मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशाचं काम होतं. साहेबांना विचारून मी लांबीचं माप सोबत घेतलं आणि महाडला एमआयडीसीत माझ्या ओळखीच्या टर्नरकडून गेज करून घेतलं. टेम्पर करून, घासून, तीनदा तपासून.

किसननं कुडपणला जाऊन यायला सांगितलं होतं. पोलादपूरहून वर जाणारी जीप मिळाली. घर एकटं, मागे नाचणीचं वावर, समोर दरी. धुकं इतकं होतं की दरी नुसती ऐकू येत होती. किसन लहान असतानाच त्याचे वडील गेले. घरात आई आणि थोरला भाऊ रामदास. आईला मी मावशी म्हणू लागलो. मावशीनं चहा केला आणि वरईच्या तांदळाची पिशवी, नाचणीचे पापड असं बांधून दिलं. मी काय काम करतो ते तिनं विचारलं. सोपं करून सांगितलं: किसनची बंदूक आणि तिची काडतुसं नीट आहेत ना, ते मी बघतो.

"तूच बगतोस?"

"मीच बघतो, मावशी."

"मंग मला घोर नाय."

ती हे सहज बोलली. मी तसंच सहज ऐकलं.

मी रजेवर असताना बेंचवर काय झालं ते मला नंतर कळलं. डायमध्ये दाबणं हे ताकदीचं काम. या मापाला एकच प्रेस होती, आणि तिचा दांडा ओढताना माणूस घामानं भिजायचा. तासणीचं ड्रिल मात्र चार सेकंदांत पुंगळी मोकळी करायचं. त्यामुळे प्रेसवरचा जवान मान वर करत नव्हता आणि ड्रिलवरचे दोन जवान हात बांधून बसत होते.

फौजेत रिकामा बसलेला माणूस कुणाला पाहवत नाही. काम नसेल तर दगडांना चुना लावतील, पण बसू देणार नाहीत. ही शिस्त चांगली आहे. तिनं अनेक वेळा माणसं वाचवली आहेत. सुभेदार साहेब फेरीवर आले, त्यांनी दोघांना बसलेलं पाहिलं आणि न दाबलेल्या पुंगळ्यांची एक टोपली ड्रिलकडे सरकवून दिली. म्हणाले, प्रेसची वाट पाहत बसण्यापेक्षा तासून तरी ठेवा. तसंही दोन्ही कामं व्हायचीच आहेत.

दोन्ही कामं झाली. दोघांनी मन लावून तासलं. दहात एक मोजली, प्रत्येक मापात. मग त्या पुंगळ्या डायकडे गेल्या, दाबल्या गेल्या आणि त्यांच्या माना पुन्हा लांबल्या. काही थोड्या, काही जास्त. त्यानंतर त्या कुणी मोजल्या नाहीत, कारण मोजणं तासणीच्या बेंचवर होतं आणि ते झालेलं होतं. आपापल्या जागी प्रत्येकानं हुकूम पाळला होता.

रजा संपवून मी परत आलो तो दिवस फायरिंगचा होता. स्टेशनवरून रेशनच्या गाडीनं आलो. वाटेतच जड फायरचा आवाज येऊ लागला. एकेक राउंड, मध्ये बराच वेळ. त्या लयीवरून मी ओळखलं, किसन आडवा झाला आहे. वारा सुरू झाला होता. रेंजवर लाल झेंडा ताठ उडत होता.

मी बॅग आर्मरीत ठेवली. किसनच्या आईनं दिलेली पिशवी वेगळी काढली. मग फडक्यात गुंडाळलेलं गेज काढलं. बेंचवर भरायच्या राहिलेल्या पुंगळ्यांची टोपली होती. नवं हत्यार हातात आलं की कुणीही जे करेल तेच केलं. एक पुंगळी उचलून खाचेत सरकवली.

अडली.

दुसरी घेतली. तीही अडली. तिसरी गेली. चौथी अडली. पहिल्यांदा वाटलं टर्नरनं माप चुकवलं, म्हणून व्हर्निअर लावला. गेज बरोबर होतं. मी पुंगळी उजेडात धरली. तासलेली कड चकचकीत असते, कारण तासणी शेवटी होते. या कडेवर डायमध्ये घालताना लावतात त्या मेणाचा पातळ थर होता. म्हणजे तासणी आधी झाली होती, डाय नंतर.

बाहेर आणखी एक राउंड सुटला.

फायरिंग लगेच थांबवायला मी रेडिओ सेट उचलला.

"रेंज कंट्रोल, आर्मरी. चेक फायर. ओव्हर."

"आर्मरी, रेंज कंट्रोल. कारण सांगा. ओव्हर."

"अॅम्युनिशन खराब. चेक फायर करा. सगळ्या लेन. ओव्हर."

"रॉजर. चेक फायर, ऑल लेन्स. वेट आउट."

हे शब्द संपले आणि आवाज आला. रायफलचा आवाज मला पाठ होता. हा तो नव्हता. छोटा आणि फाटका होता. त्यानंतर वाऱ्याशिवाय काही नाही.

मग सेटवर दुसऱ्याच माणसाचा आवाज आला. "अॅम्ब्युलन्स, लेन वन. अॅम्ब्युलन्स, लेन वन."

मी पळालो. माझ्या आधी चौघेजण पोहोचले होते. त्यांनी मला पुढे जाऊ दिलं नाही. रायफलचा मागचा भाग जिथे असायला हवा होता तिथे नव्हता. किसनच्या शेजारी पडून दुर्बिणीतून पाहणारा त्याचा स्पॉटर बसून होता, कानातून रक्त येत होतं, आणि तो पुन्हा पुन्हा एकच सांगत होता. किसननं त्याला दोनदा म्हटलं होतं की राउंडला मागून बंद करणारा बोल्ट जड बसतोय. दोघांनी ते धुळीवर घातलं. किसननं बोल्ट काढून पुसला, राउंड पुसला, पुन्हा बसवला आणि तळहातानं दाबला. बंदूक आपल्या आर्मररची, राउंड आपल्या बेंचचे. संशय घ्यायला धुळीशिवाय दुसरं काही नव्हतं.

हॉस्पिटल चाळीस मिनिटांवर होतं. गाडी अर्ध्या वाटेवरून सावकाश जाऊ लागली.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. माझी साक्ष झाली. निष्कर्ष काय लागला ते लिहायचा मला अधिकार नाही. मी पाहिलं आणि मोजलं तेवढंच इथे लिहिलं आहे.

मृतदेहासोबत मी गेलो. महाडच्या चौकात हायवेच्या दोन्ही बाजूंना लोक उभे होते. पोलादपूरला त्याहून जास्त. घाटात गाडी पहिल्या गिअरमध्ये होती आणि मला मेसची रांग आठवत होती. कुडपणला धुकं उतरलं होतं. सलामीच्या फैरी झाल्या तेव्हा झाडणारे जवान दिसत नव्हते, नुसता आवाज आला. माईकवर एका पुढाऱ्यानं भाषण केलं. शत्रूशी झुंजताना आपल्या मातीच्या सुपुत्राला वीरमरण आलं, असं त्यात होतं. माझ्याकडे दोन-तीन माणसांनी पाहिलं. मी सावधानमध्ये उभा होतो.

तेराव्याला मी पुन्हा गेलो. रामदासनं मला घरात शिरण्याआधीच गाठलं आणि वावराकडे नेलं. त्याला पेपरातून आणि पोलादपूरच्या माणसांकडून काहीबाही कळलं होतं. गावाच्या वेशीवर किसनच्या नावानं कमान व्हायची होती. निधी मिळणार होता.

"दादा, खरं काय ते मला नको सांगू," तो म्हणाला. "आयला तर नायच नाय. दुश्मनानं मारला हे तिला पचलंय. तेवढंच राहू दे."

मी हो म्हटलं. मला ते पटलंही होतं. निदान ओसरी चढेपर्यंत पटलं होतं.

मावशी भिंतीला टेकून बसली होती. मला पाणी दिलं. बायका उठून आत गेल्या. मग तिनं थेट विचारलं.

"तू मला बोलला व्हतास, बंदूक तू बगतोस."

"हो."

"मंग तुला म्हाईत. कोन व्हता दुश्मन?"

रामदास दारात उभा होता. त्यानं मान हलवली, नाही म्हणून. मी त्याच्याकडे पाहिलं, मग मावशीकडे. तिनं मला घोर नाही म्हणून सांगितलं होतं, त्याच ओसरीवर. तिला खोटं सांगायला मला जागा सापडेना.

"कुणी नव्हता, मावशी. सराव चालू होता. बंदूक फुटली."

रामदास मागे वळून अंगणात गेला.

"फुटंल कशी?"

कोपऱ्यात कुदळ होती. मी ती घेतली आणि दाखवलं. दांडा भोकात बसतो. टोक जास्त लांब राहिलं आणि वरून ठोकला तर तो आत ठासून बसतो, निघत नाही. काडतुसाचं तसं झालं. त्याची मान लांब राहिली.

तिनं कुदळ हातात घेतली. अंगठ्यानं दांड्याचं टोक चाचपलं.

"तासली नाय?"

"तासली होती. पण आधी तासली. नंतर ती वाढली."

"कुनी?"

"दोन पोरं होती. त्यांना सांगितलं तसं केलं त्यांनी. त्यांना ठाऊक नव्हतं."

तिनं कुदळ परत कोपऱ्यात ठेवली. रडली नाही. आत जाऊन बायकांना पानं वाढायला सांगितलं. त्या दिवशी माझ्याशी दुसरं काही बोलली नाही. रामदास मला जीपपर्यंत सोडायलाही आला नाही. मी दरीच्या बाजूनं एकटा उतरलो. वाटलं, या घराचं दार मला आता बंद.

कमान झाली. मजकुरात 'शत्रूशी लढताना' हे शब्द घालायचे होते. मावशीनं ते घालू दिले नाहीत. का, ते तिनं गावाला सांगितलं नाही, रामदासलाही नाही. कमानीवर आता एवढंच आहे: नायक किसन शेलार, कर्तव्यावर असताना.

मी पेन्शन घेऊन महाडला राहायला आलो त्याला काही वर्षं झाली. ओळखीतले कुणी नेमबाजीकडे वळलेले असतात. ते कधी कधी विचारतात, कुठलं हत्यार चांगलं, हाताचं की मशीनचं. मी दोन्हींची माहिती देतो. वेग सांगतो, किंमत सांगतो. शेवटी सांगतो की ते माप कुठून घेतं ते आधी पाहा, आणि ज्या क्रमानं काम करायचं ठरलं आहे तो क्रम कुणीही, कितीही चांगल्या कारणानं, मोडू देऊ नका. हातात काम नसेल तर बसून राहा. ते जुनं गेज माझ्याकडे नाही. ते जिथे असायला हवं तिथे, त्या बेंचवर आहे.

दर वर्षी, किसन गेला त्या तारखेला, मी कुडपणला जातो. पहिल्या वर्षी दारात थांबलो होतो. मावशीनं बाहेर येऊन मला पाहिलं, आणि ये म्हणाली. रामदास आता बोलतो, थोडंच. जेवण होतं. किसनच्या फोटोखाली आम्ही बसतो. त्याच्याबद्दल फारसं बोलणं होत नाही. वाऱ्याबद्दल होतं, नाचणीबद्दल होतं.

निघताना ती मला दर वर्षी एकच विचारते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी जीपमध्ये पाय ठेवला होता.

"ती दोन पोरं, ज्यांनी तासलं. कशी हायत?"

"नोकरीत आहेत, मावशी. लांब आहेत."

"जेवतात का नीट?"

मला ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर मी दोघांचे नंबर मिळवले आणि फोन लावला. आता दर वर्षी कुडपणला जाण्याच्या आदल्या दिवशी लावतो, म्हणजे तिनं विचारलं की मला सांगता येतं.